लूट, वाटा आणि बढती

मालवणहून दक्षिणेस निघालेला रस्ता वायरी ओलांडून तारकर्लीत शिरतो आणि तेथून थेट देवबागेपर्यंत, एका हाताला अरबी समुद्र व दुसऱ्या हाताला कर्ली नदीचे पात्र अशा दोन पाण्यांमधल्या अरुंद पुळणीवरून, माडांच्या सावलीत चालत राहतो. या पट्टीवर येणारे पाहुणे बहुधा निवळ पाणी पाहण्यासाठी, किंवा त्या पाण्यात बुडी मारून तळाचे जग पाहण्यासाठी येतात. परंतु पावसाळा सरून दर्या शांत झाला म्हणजे या किनाऱ्यावर सकाळच्या प्रहरी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढण्याचे, जे काम चालते, ते जो शेवटपर्यंत, म्हणजे मासळीची वाटणी होईपर्यंत, थांबून पाहील, त्याला मानवी व्यवहारातील एका अतिशय जुन्या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध होताना दिसेल. अनेकांनी मिळून एका उद्योगात हात घातला, कष्ट उपसले, प्रसंगी जीव धोक्यात घातला, आणि त्यातून काही लाभ पदरात पडला, तर तो कोणी किती घ्यावा, आणि ज्याने अधिक पराक्रम केला त्याचा मान कशाने राखावा, हा तो प्रश्न होय.

त्याचा विचार येथे मांडावयाचा आहे तो एका खेळाच्या निमित्ताने. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावाहून तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चारपाच स्नेही बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो आणि उरलेले प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक, तर कोणी चोर. भुयाराच्या तोंडाशी काय दिसते ते सूत्रधार सांगतो, आपण काय करतो ते खेळाडू सांगतात, आणि जेथे यशाची खात्री नाही तेथे फासे टाकून निर्णय होतो. त्या फाशांत वीस बाजूंचा फासा विशेष प्रसिद्ध आहे. या खेळात कोणी जिंकत नाही की हरत नाही. लहानपणी ‘चांदोबा’तील राक्षसांच्या आणि भुयारांतील खजिन्यांच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना याचे स्वरूप चटकन उमगेल, कारण तशीच गोष्ट येथे चारपाच जण मिळून, आपापल्या तोंडाने, महिनोन्‌महिने रचीत जातात. एकेका मोहिमेअखेर पात्रांच्या हाती दोन गोष्टी लागतात. एक खजिना, आणि दुसरे अनुभवाचे गुण, ज्यांना खेळणारे ‘एक्सपी’ म्हणतात. या गुणांची ठराविक बेरीज झाली की पात्र एक पायरी वर चढते, अधिक बळकट होते, अधिक घाव सोसू शकते.

उदाहरणावाचून हा हिशेब ध्यानात यावयाचा नाही. म्हणून टॉम मोल्डवे यांनी १९८१ साली संपादिलेल्या प्राथमिक पुस्तिकेच्या नियमांनी एक मोहीम मांडून पाहू. चार साहसवीर आणि त्यांनी पगारावर बरोबर घेतलेला एक चाकर असे पाच जण एका पडक्या गढीच्या तळघरात उतरले. तेथे सहा गॉब्लिन, म्हणजे खुजे व कपटी असे राक्षस, त्यांनी मारले, आणि सोन्याची ९०० नाणी, रुप्याची ३,००० नाणी व सोन्याच्या ३०० नाण्यांच्या मोलाचे एक रत्न घेऊन ते जिवंत बाहेर आले. दर गॉब्लिनमागे ५ गुण, म्हणून सहांचे ३०. रुप्याच्या दहा नाण्यांचे सोन्याचे एक, म्हणून रुप्याचे ३००. आणि भुयाराबाहेर सुखरूप आणलेल्या सोन्याच्या दर नाण्यामागे, किंवा तेवढ्या मोलाच्या खजिन्यामागे, १ गुण हा या खेळाचा मूळचा दस्तुर असल्यामुळे खजिन्याचे एकंदर १,५००. सर्व मिळून बेरीज १,५३०. जिवंत परतलेल्या पाचांत ती भागली की दर असामीस ३०६ येतात. परंतु चाकर दुसऱ्याच्या हुकुमाने वागला, स्वतःच्या अकलेने नव्हे, या सबबीवर त्याच्या नावे निम्मेच, म्हणजे १५३, जमा होतात आणि उरलेले १५३ कोणाच्याच खाती न पडता बुडतात. योद्ध्याला दुसरी पायरी गाठण्यास २,००० गुण लागतात आणि चोराला १,२००. म्हणजे या मोहिमेनंतर योद्ध्याला अजून १,६९४ गुण मिळवावयाचे आहेत, तर चोराला ८९४.

या हिशेबात राक्षसांचे गुण ३० आणि खजिन्याचे १,५०० आहेत, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण खेळाच्या पहिल्या पंधरा वर्षांतील सारी रीत या एका प्रमाणातून उपजलेली आहे. झुंजीत जिवाला अपाय होण्याचा संभव फार आणि प्राप्ती थोडी. उलट राक्षसाला चुकवून, फसवून, त्याच्याशी बोलणे लावून, अथवा तो निजला असता मागल्या दाराने शिरून खजिना उचलला तर जवळजवळ सर्वच गुण पदरात पडतात. शहाण्या खेळाडूंनी यातला बोध तत्काळ घेतला आणि ते तलवारीपेक्षा दोर, मशाली, शिड्या आणि युक्ती यांवर अधिक भिस्त ठेवू लागले. त्यातही एक अडचण नियमकर्त्यांनी हेतुतः ठेवली होती, ती ओझ्याची. त्या हिशेबाने दहा नाण्यांचे वजन एक पौंड. तेव्हा आपल्या पाच जणांनी बाहेर काढलेल्या ३,९०० नाण्यांचे ओझे ३९० पौंड, म्हणजे सुमारे १७७ किलो, भरते. एवढा भार पाठीवर घेऊन माणसाची चाल मंदावते, मंद चालीच्या माणसास वाटेत दुसरे राक्षस गाठतात, आणि मग रुपे टाकून पळावे की रुप्यासाठी लढावे हा पेच उभा राहतो. खजिना सापडणे आणि तो घरी पोचणे यांत अंतर किती असते हे या नियमाने खेळाडूंना जितके नीट शिकवले, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच शिकवले असेल. आर्नेसन यांच्या स्वतःच्या ‘ब्लॅकमूर’ नावाच्या खेळात तर सोने मिळवून भागत नसे. ते पात्राच्या आवडीच्या कामी खर्च केले म्हणजेच त्याचे गुण मिळत.

पुढे हा दस्तुर पालटला. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत राक्षसाच्या दर दर्जामागे १०० गुण होते, ते पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीने पुष्कळ घटवले होते. पण १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण हा केवळ ऐच्छिक नियम उरला, आणि त्याच आवृत्तीत प्रत्येक व्यवसायास निराळे पारितोषिक देण्याची एक तरतूद आली, जिच्या अन्वये चोराला मिळवलेल्या सोन्याच्या दर नाण्यामागे २ गुण मिळू शकत आणि योद्ध्याला शत्रू पाडण्याचे वेगळे मिळत. माझ्या मते ही तरतूद चुकीची होती. एका मोहिमेवरच्या माणसांची हिते वेगवेगळ्या दिशांना ओढू लागली की चोर सोबत्यांना न सांगता पेटी उघडतो, योद्धा टळण्याजोगी झुंज ओढवून घेतो, आणि दोघांपैकी एकालाही दोष देता येत नाही, कारण नियमानेच त्यांना तसे करावयास सांगितलेले असते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एका गॉब्लिनचे ५० गुण होतात आणि दुसऱ्या पायरीला ३०० पुरतात, तेव्हा आपल्या सहा गॉब्लिनांचे ३०० गुण पाचांत वाटले तर दर असामीस ६० पडतील आणि त्या सगळ्या सोन्याचा एकही मिळणार नाही. या हिशेबात झुंज टाळणारा शहाणा ठरेलच असे नाही. म्हणूनच की काय, आज पुष्कळ सूत्रधार गुणांची बेरीजवजाबाकी सोडून, कथेतला एखादा महत्त्वाचा टप्पा पार पडला की सर्वांना एकदमच पायरी चढवतात. ही रीत सोयीची खरी; पण तिच्यात आपल्या कोणत्या कृतीचे काय फळ मिळाले हे खेळाडूस दिसेनासे होते, ही तिची मोठी उणीव मला वाटते.

आता किनाऱ्यावर येऊ. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे शेकडो मीटर लांबीचे जाळे. त्याच्या एका टोकाचा दोर वाळूवर माणसांच्या हाती राहतो आणि बाकीचे जाळे होडीत घालून वल्हेकरी समुद्रात शिरतात. तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, नजर पाण्याच्या रंगावर आणि वर घिरट्या घालणाऱ्या पाखरांवर असते, आणि मासळीचा थवा हेरून होडी अर्धवर्तुळ काढीत, जाळे पाण्यात सोडीत, दूरच्या बाजूने पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका लयीत त्या दोर खेचू लागतात, आणि खेचता खेचता दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. शेवटास असलेला माणूस दोर सोडून पुढे पाण्याशी जातो आणि पुन्हा नव्याने धरतो, त्यामुळे थोड्या वेळाने प्रत्येकाचे हात दोराच्या प्रत्येक भागाला लागून गेलेले असतात आणि अमक्याने किती ओढले हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. जाळ्याचा घेर आवळत आला की मधल्या भागातले पाणी उकळल्यासारखे खळबळते आणि अखेरीस बांगडे, तारल्या, पेडवे, कधी लेप, कधी नुसतेच शेवाळ, असे जे दर्याने दिले असेल ते वाळूवर येऊन पडते.

यापुढचा भाग पाहुणे सहसा पाहत नाहीत. मासळी निवडली जाते, टोपल्यांत भरली जाते, किनाऱ्यावरच तिचा लिलाव होतो, आणि आलेल्या पैशांतून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. होडीचा वाटा निराळा, जाळ्याचा निराळा आणि हातांचा निराळा. रापण ही बहुधा एका धन्याची मालमत्ता नसून अनेक घरांच्या संघाची असते. या किनाऱ्यावर त्यात गाबीत समाजाची घरे पुष्कळ. ज्या घराने जाळे पुरवले त्याला जाळ्याचे, ज्याची होडी त्याला होडीचे, आणि जो ओढावयास उभा राहिला त्याला ओढण्याचे, अशी ही वाटणी असून तिचे नेमके प्रमाण संघासंघाचे आपापले असते. संघाबाहेरचा कोणी वाटसरू सहज येऊन दोराला हात लावून गेला, तरी त्याच्या हातावर चार मासे ठेवण्याची वहिवाट आहे. ज्या खेळात चाकराचे निम्मे गुण हवेत विरून जातात, त्या खेळाच्या नियमकर्त्यांनी ही वहिवाट पाहिली असती तर बरे झाले असते असे मला मनापासून वाटते. एक गोष्ट मात्र दोन्हींकडे सारखी आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वाट्याचे प्रमाण जाळे पाण्यात पडण्यापूर्वी ठरलेले असते. मासळी वाळूवर आल्यावर त्याची चर्चा होत नाही.

दर्यावरील चाच्यांनाही हे कळत होते. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या जहाजावरील करारनामा १७२४ साली लंडनात प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या इतिहासात छापलेला आहे. त्यात कप्तान व कोठीवाला अधिकारी यांस दोन दोन वाटे, सुकाणूचा मुख्य, तोफखान्याचा मुख्य आदींस दीड दीड, इतर अधिकाऱ्यांस सव्वा आणि बाकीच्या प्रत्येकास एक असे कलम असून, लढाईत हातपाय गमावणाऱ्यास सामाईक निधीतून भरपाई देण्याचेही कलम आहे. कप्तान आणि साधा खलाशी यांच्या प्राप्तीत अवघे दुपटीचे अंतर ठेवणारा हा करार, त्या काळच्या राजेरजवाड्यांच्या आरमारांतील प्रघाताशी ताडून पाहता, आश्चर्य वाटण्याइतका समतेकडे झुकलेला आहे.

परंतु लूट आणि बढती यांचा सर्वांत विचारपूर्वक बांधलेला कायदा पाहावयाचा तर दूर जाण्याचे कारण नाही. तारकर्लीहून उत्तरेस पाहिले तर मालवणच्या समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. त्याचा पायाचा दगड २५ नोव्हेंबर १६६४ रोजी बसला; त्याच वर्षाच्या जानेवारीत सुरत लुटली गेली होती आणि तो पैसा या बांधकामास लागला असे परंपरा सांगते. पुढल्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी आरमार घेऊन दक्षिणेस बसरूरवर स्वारी केली. म्हणजे लूट कशी मिळवावी हे त्या राज्याला पुरते माहीत होते. पण मिळालेल्या लुटीचे काय करावे हे त्याहून चांगले माहीत होते. राजाराम महाराजांच्या काळी जिंजीस लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत याची रीत दिलेली आहे. पावसाळा छावणीत काढून दसऱ्यानंतर लष्कर मुलूखगिरीस बाहेर पडे, तेव्हा लहानथोर प्रत्येकाजवळ काय चीजवस्त आहे याची यादी होई; परत आल्यावर त्या यादीवरून झाडा घेतला जाई. अधिक निघाले ते तनख्यात वळते करावे किंवा सरकारात घ्यावे, सोने, रुपे, जडजवाहीर तर सरकारातच जमा व्हावे. आणि मग हिशेब होऊन, कोणी किती मेहनत केली याची चौकशी होऊन, ज्याने शर्थ केली त्याला बढती मिळावी व ज्याने कसूर केली त्याला सजा व्हावी.

या व्यवस्थेचे मर्म असे की तिने लूट आणि गुण यांची खाती वेगळी केली. सोन्याच्या दर नाण्यामागे एक गुण या दस्तुराने खेळातला साहसवीर जेवढा श्रीमंत तेवढा थोर होतो. येथे शिपायाने किती सोने आणले यावरून त्याची थोरवी ठरत नाही, कारण ते सोने त्याचे नाहीच, आणि म्हणून ते मिळवण्यासाठी रयतेचे घर फोडण्याचा मोहही त्याला उरत नाही. खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर पायऱ्याही आखलेल्या होत्या: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. आणि खेळात गुण वाटताना फक्त जिवंत परतलेल्यांची गणती होते, येथे तसेही नव्हते. अफझलखानाचा पराभव झाल्यावर, सभासद सांगतो त्याप्रमाणे, पडलेल्या शिपायांच्या मुलांना पदरी घेण्यात आले, ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना घावाच्या मानाने पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन मिळाले. मेलेल्या सोबत्याचा वाटा त्याच्या घरी पोचवावा की नाही, यावर टेबलाभोवती वाद घालणाऱ्या खेळाडूंना याहून चांगला दाखला मी देऊ शकणार नाही.

ही शिस्त पुढे टिकली नाही. उत्तर पेशवाईत पेंढाऱ्यांना पगार न देता लुटीचीच मोकळीक असे आणि उलट त्यांच्याकडूनच पालपट्टी नावाचा कर घेतला जाई. ज्याला पगार नाही आणि ज्याची लूट हाच त्याचा पगार, तो कोणाला लुटील याला धरबंध राहत नाही, आणि त्याचे परिणाम मुलखाने भोगले.

गैरहजर असलेल्याला वाटा द्यावा काय, हा आणखी एक वाद या खेळात नित्य होतो. एखादा मित्र त्या रविवारी आला नाही. त्याचे पात्र कथेत कोठेतरी मागे तंबू राखीत होते असे मानले. आता त्याला गुण मिळावेत का? हाच वाद आमच्याच पूर्वजांच्या दौलतीवरून इंग्रजांनी आपसांत वर्षानुवर्षे घातला. १८१७-१८ च्या युद्धात मराठ्यांची जी संपत्ती कंपनीच्या फौजांच्या हाती लागली, तिला दख्खनची लूट असे नाव पडले. त्र्यंबकेश्वराशी ज्याचे नाव जोडले जाते तो नासक हिरा याच युद्धात हातचा जाऊन लंडनला पोचला. या लुटीवर प्रत्यक्ष ती हस्तगत करणाऱ्या तुकडीचाच हक्क, की सर टॉमस हिस्लॉपच्या साऱ्या दख्खनी फौजेचा, की लॉर्ड हेस्टिंग्जबरोबर दूर उत्तरेस असलेल्या सैन्याचाही, यावर अर्जविनंत्या चालल्या आणि निकाल व वाटप होईतो लढलेल्यांपैकी कित्येक वारले असतील. पुन्हा १८५८ साली चित्रकूटजवळच्या कर्वी येथे, अमृतराव पेशव्यांच्या घराण्यातील नारायणराव व माधवराव यांचा खजिना जनरल व्हिटलॉकच्या हाती आला, तेव्हा सर ह्यू रोज यांच्यासारखे इतर सेनापतीही आमच्या हालचालींमुळेच हे शक्य झाले असे म्हणत पुढे सरसावले. डॉ. लशिंग्टन यांनी इंग्लंडच्या आरमारी न्यायालयात १८६६ साली या दाव्याचा फैसला केला; व्हिटलॉकचे सैन्य आणि मुख्य सेनापती यांचा हक्क मान्य झाला, दुरून साहाय्य केल्याचा दावा सांगणाऱ्यांचा नाही. ज्यांच्या घरातून हा खजिना गेला, त्यांचा वाटा किती, हे मात्र त्या दाव्यात कोणी विचारले नाही, आणि ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

नाणी भागता येतात. तलवार भागता येत नाही. भुयारातून एकच मंत्रसिद्ध तलवार निघाली आणि ती पेलणारे दोघे असले म्हणजे खेळाडूंच्या स्नेहाची खरी परीक्षा होते. कोणी फासा टाकून निर्णय करतात. कोणी पाळी लावतात, म्हणजे ज्याने या खेपेस निवडले तो पुढच्या खेपेस शेवटी. कोणी त्या वस्तूची किंमत ठरवून ती घेणाऱ्याच्या सोन्याच्या वाट्यातून वळती करतात. पुष्कळ मंडळ्या औषधे, दोर आणि जखमींचे उपचार यांसाठी एक जादा वाटा सामाईक ठेवतात, आणि तो ठेवणाऱ्या मंडळ्या दीर्घकाळ टिकतात असे माझे निरीक्षण आहे. किंमत ठरवून वळती करणे हे मला यांत सर्वांत न्याय्य वाटते, कारण रापणीवर लिलावाने जे साधते तेच त्याने साधते: एखाद्या मोठ्या सुरमईवरून दोघांत कलह माजण्यापूर्वी तिचे पैसे होतात आणि पैसे बिनतक्रार भागले जातात.

अनुभवाचे तसे होत नाही. तो टोपलीतून वाटून देण्याची वस्तूच नव्हे, आणि हे ज्या नियमकर्त्यांनी ओळखले त्यांच्यात १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाचे कर्ते मला अग्रगण्य वाटतात. त्यात गुणांची एकत्र बेरीजच नाही. पात्राने मोहिमेत जे कसब यशस्वीपणे वापरले, पोहणे असो, भाला असो, माग शोधणे असो, त्यापुढे खूण करावयाची. मोहीम संपल्यावर फासा टाकावयाचा, आणि आधीच्या कसबाहून अधिक दान पडले तरच ते कसब वाढावयाचे. त्यामुळे नवशिक्या झपाट्याने शिकतो आणि निष्णाताला तसूभर पुढे सरकणेही कठीण जाते. रापणीच्या दोरावर उभ्या असलेल्या पोराच्या बाबतीतही असेच घडते. पहिल्या हंगामात त्याला पाय कसे रोवावेत ते कळते, पुढे केव्हातरी वल्ह्यावर जागा मिळते. आणि पाण्याच्या रंगावरून थवा ओळखण्याची तांडेलाची दृष्टी यावयास निम्मे आयुष्य जाते, तरी ती सर्वांना येतेच असे नाही. वाटा त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. तांडेलकी मिळत नाही.

या रापणीवर आज मोठे संकट आहे हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. खोल पाण्यात यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलतात, रात्री प्रखर दिवे सोडून मासळी ओढून घेतात, आणि मग किनाऱ्यापर्यंत यावयाला मासळी उरत नाही. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनवर कडक निर्बंध घातले आणि केंद्र शासनाने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीस मनाई केली. तरी या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. किनाऱ्यावरची वाटणी कितीही न्यायाची असली तरी समुद्रातली वाटणी अन्यायाची असेल तर रिकाम्या जाळ्याचे वाटे पडणार.

ज्या तरुण मंडळींना या खेळाची गोडी लागली आहे, त्यांना माझे दोन गोष्टींविषयी आग्रहाचे सांगणे आहे. पहिली अशी की, पहिला फासा पडण्यापूर्वी एका कागदावर कलमे लिहून घ्यावीत: चाकराला किती, गैरहजराला किती, मेलेल्याच्या घरी किती, सामाईक निधीत किती, आणि बढती कोणत्या कृतीची. दुसरी गोष्ट अशी की, हा खेळ परदेशी गढ्यांतून आणि परदेशी राक्षसांशीच खेळला पाहिजे असा काही दंडक नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि मालवण तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांपाशी पावसाच्या लांबलचक संध्याकाळी असतात. कुरटे बेट, कर्लीचा संगम, बसरूरची वाट, हवालदार-जुमलेदार-हजारी या पायऱ्या आणि रापणीचे वाटे एवढे साहित्य एका उत्तम मराठी नियमपुस्तकास पुरेसे आहे. ते लिहिण्याचे काम या किनाऱ्यावरच्या कोणीतरी अंगावर घ्यावे, आणि लिहिण्यापूर्वी एखाद्या जुन्या तांडेलाजवळ बसून वाट्याचे प्रमाण नीट विचारून घ्यावे.